गोळी घरात आल्यानंतर

(दिंडोरी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

आरोग्यावरची व्याख्यानं आपल्याकडे मधुमेहावर होतात, हृदयविकारावर होतात, गुडघेदुखीवर होतात. मनोविकारांवर झालीच तर ती ताणतणाव आणि सकारात्मक विचार यांच्यापुढे सहसा जात नाहीत. आयोजकांनी मला त्याच्या बरंच पुढे जायला सांगितलं आणि 'मनोविकारांवरील औषधांचे फायदे व धोके' हा विषय दिला.

ज्या औषधांबद्दल मी बोलणार आहे त्यांना वैद्यकात अँटीसायकोटिक म्हणतात. घरात त्यांना 'डोक्याची गोळी' नाहीतर 'झोपेची गोळी' म्हटलं जातं. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्लोझापिन ही नावं काहींनी चिठ्ठीवर वाचली असतील. कोणी बोलत नसताना कानात आवाज येणं, जेवणात विष कालवलंय अशी पक्की खात्री वाटणं, सारा गाव आपल्यावर पाळत ठेवतोय असं वाटून दार लावून बसणं, या लक्षणांवर ती दिली जातात. स्किझोफ्रेनिया हा त्यातला मुख्य आजार. बायपोलर आजारातल्या उन्मादाच्या झटक्यातही ती वापरतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साधारण 300 माणसांमागे एकाला स्किझोफ्रेनिया असतो. दिंडोरी तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांच्या पुढे आहे. हाच अंदाज इथे लावला, तर तालुक्यात हजाराच्या आसपास अशी माणसं असणार. त्यातली किती आपल्याला दिसतात? बाकीची मागच्या खोलीत असतात, मळ्यातल्या घरात असतात, कुठल्या तरी फाट्यावर फिरत असतात.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. ही औषधं फार मोलाची आहेत आणि त्यांचे धोकेही खरे आहेत. दोन्ही एकाच गोळीत असतात. त्यातलं काय पदरात पडणार, हे बऱ्याच अंशी गोळी घरात आल्यानंतर तिच्यावर कोण आणि कसं लक्ष ठेवतं यावर ठरतं. डॉक्टरांची चिठ्ठी हे अर्धं काम आहे. उरलेलं अर्धं घरात आणि गावात होतं, आणि आपण कमी पडतो ते नेमके तिथेच.

या औषधांच्या इतिहासात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडचे वैद्य शतकानुशतकं वापरत आले. 1931 साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या कोलकात्याच्या दोन चिकित्सकांनी वेडसरपणा आणि रक्तदाब या दोन्हींवर सर्पगंधेचा उपयोग होतो असा शोधनिबंध छापला. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर अभ्यास केला. तो 1949 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. 1952 साली स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातलं रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढलं. दोन वर्षांत अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिलं आणि फरक पडतो असं नोंदवलं.

त्याच सुमाराला फ्रान्समध्ये दुसरी वाट उघडत होती. आंरी लाबोरी नावाचे शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेआधी रुग्ण शांत राहावा म्हणून औषध शोधत होते. 1950 च्या डिसेंबरात तयार झालेलं क्लोरप्रोमाझिन त्यांच्या हाती आलं. ते घेतलेला रुग्ण जागा असतो, बोलतो, पण त्याची घालमेल ओसरते, हे त्यांच्या लक्षात आलं. 1952 साली पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात झां दले आणि पिएर दनिकर यांनी ते तीव्र मनोविकाराच्या रुग्णांना दिलं. आरडाओरडा करणारी माणसं काही आठवड्यांत समोर बसून बोलू लागली. मनोविकारांच्या आधुनिक औषधोपचाराची सुरुवात इथून मानतात.

ही औषधं काम कशी करतात, हे कळायला आणखी दहा-अकरा वर्षं गेली. मेंदूतल्या पेशी डोपामिन नावाच्या रसायनातून एकमेकींना निरोप देतात. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी 1963 साली दाखवून दिलं की क्लोरप्रोमाझिन आणि हॅलोपेरिडॉल यांचा परिणाम या निरोपांवर होतो. हा निरोप घेणारी जागाच ती अडवतात, हे पुढच्या संशोधनात पक्कं झालं. रेसरपिनचा मार्ग वेगळा, ते पेशीतला डोपामिनचा साठाच रिकामा करतं. भास आणि संशय वाढवणाऱ्या भागात निरोप कमी पोचले की लक्षणं उतरतात. पण हेच रसायन आपल्या हालचाली सांभाळतं, उत्साह देतं, काही संप्रेरकांवर ताबा ठेवतं. औषध रक्तातून मेंदूत सगळीकडे जातं. त्यामुळे जिथे अडवायला हवं तिथेही ते अडवतं आणि जिथे नको तिथेही. फायदा आणि धोका एकाच कृतीतून निघतात ते असे. रेसरपिन मागे पडलं तेही याच कारणाने. त्याने रक्तदाब फार उतरायचा आणि काही रुग्ण खिन्न व्हायचे.

आता फायद्याकडे येऊ. तो मोजलेला आहे. स्टेफान लॉइश्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली 'लॅन्सेट'मध्ये 65 चाचण्यांचा एकत्रित अभ्यास मांडला. स्किझोफ्रेनियाचे जे रुग्ण लक्षणं आटोक्यात आल्यावरही औषध घेत राहिले, त्यांच्यापैकी वर्षभरात 27 टक्क्यांचा आजार उलटला. ज्यांचं औषध काढून बिनऔषधाची गोळी दिली, त्यांच्यात हे प्रमाण 64 टक्के होतं. औषधशास्त्रात एवढा मोठा फरक क्वचित दिसतो. फिनलंडमध्ये 66 हजारांहून जास्त रुग्णांचा अकरा वर्षांचा मागोवा घेतला गेला, तो 2009 साली प्रसिद्ध झाला. औषध अजिबात न घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण औषध घेणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं, आणि क्लोझापिन घेणाऱ्यांत ते सर्वांत कमी होतं.

आकडे बाजूला ठेवले तरी उपचार न मिळाल्याची किंमत आपल्या देशाने पाहिलेली आहे. तामिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांना ठेवून घेणारी खासगी ठिकाणं होती. 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे त्यांतल्या एका झोपडीवजा निवाऱ्याला आग लागली. आतली माणसं साखळदंडाने बांधलेली होती. 28 जण जळून गेले. ते कुणाचे तरी मुलगे, कुणाच्या तरी मुली होत्या. घरच्यांना दुसरं काही सुचलं नाही म्हणून त्यांना तिथे ठेवलं होतं. गोळीच्या धोक्यांची चर्चा आपण जरूर करू, पण गोळी न मिळण्याचा हा धोका तिच्या शेजारी ठेवूनच करू.

आता धोके. ते लपवले की लोक औषध जास्त घेतील असं काही डॉक्टरांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. न सांगितलेला दुष्परिणाम दिसला की घरच्यांचा विश्वास एका दिवसात उडतो आणि तो पुन्हा बसायला वर्षं लागतात.

एक प्रसंग सांगते. तो अनेक घरांत घडतो, म्हणून कुणा एकाचा नाही. विशीतला मुलगा आहे. तीन रात्री झोप नाही, अंगावर धावून येतो. कुठल्यातरी दवाखान्यात हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन मिळतं, चार गोळ्या देऊन घरी पाठवतात. पहिली रात्र तो शांत झोपतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची मान एका बाजूला वळते आणि तिथेच अडकते. डोळे वर चढतात, खाली येत नाहीत. जबडा वाकडा होतो, जीभ बाहेर येते, बोलता येत नाही. तो पूर्ण शुद्धीवर आहे आणि घाबरला आहे. ओसरीवर माणसं जमतात. कोणीतरी म्हणतं, हे बाहेरचंच आहे, सुई टोचली म्हणून खवळलंय. रातोरात गाडी भगताकडे निघते आणि गोळ्या उकिरड्यावर जातात.

या प्रकाराला डिस्टोनिया म्हणतात. तरुण पुरुषांत, पहिल्या काही दिवसांत तो जास्त दिसतो. दिसायला भयंकर असतो, पण प्रोमेथाझिनसारखं साधं, स्वस्त इंजेक्शन दिलं की बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरतो. इंजेक्शन देताना घरच्यांना दोन वाक्यं सांगायची असतात : "मान किंवा जबडा वाकडा झाला तर घाबरू नका, लगेच दवाखान्यात आणा. हा औषधाचा परिणाम आहे, तो बरा होतो." त्या दोन वाक्यांवाचून मुलाची पुढची काही वर्षं वाया जाऊ शकतात.

दुसरा दुष्परिणाम अस्वस्थतेचा. रुग्ण एका जागी बसू शकत नाही, उभा राहिला तरी पाय बदलत राहतो, अंगणात सारख्या येरझाऱ्या घालतो. वैद्यकात याला अकॅथिशिया म्हणतात. घरच्यांना वाटतं आजार वाढला. कधी डॉक्टरलाही तसंच वाटतं आणि तो डोस वाढवतो. खरं तर तो कमी करायचा असतो. आतली ही तगमग इतकी असह्य होते की कोणी जिवाचं बरंवाईट करून घेण्यापर्यंत जातो. म्हणून रुग्णाला थेट विचारावं, "डोक्यातून घालमेल होतेय की पायांतून?" हा फरक तोच सांगू शकतो.

काही महिन्यांत दिसणारे धोके वेगळे. ओलान्झापिन आणि क्लोझापिनने भूक खवळते, वजन झपाट्याने वाढतं, साखर आणि चरबी वाढते. आपल्या लोकांत मधुमेहाकडे कल आधीच आहे. घरचे म्हणतात, "अंग भरलं, पोरगं सुधारलं." तिथे सावध व्हायला हवं. औषध सुरू करताना वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब आणि रक्तातली साखर नोंदवायची, तीन महिन्यांनी पुन्हा पाहायची, मग दरवर्षी. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची 80 च्या पुढे गेली की डॉक्टरांशी बोलायचं. तीव्र मनोविकार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यांतले बरेच मृत्यू हृदयविकारासारख्या शरीराच्या आजारांनी होतात. मनाचा आजार बरा करताना शरीराकडे दुर्लक्ष करणं आपल्याला परवडणारं नाही.

स्त्रियांबद्दल वेगळं बोललं पाहिजे, कारण त्यांच्या तक्रारी चारचौघांत निघत नाहीत. रिस्पेरिडोनसारख्या औषधाने प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं. पाळी लांबते किंवा थांबते, मूल नसताना स्तनातून दूध येतं. नव्या सुनेला दिवस गेले असं सासरी वाटतं, आणि नाहीत असं कळलं की तिला वांझ ठरवायला वेळ लागत नाही. औषध बदललं किंवा डोस कमी केला की हे सहसा सुधारतं. बाई गरोदर राहिली तर घाबरून स्वतःच गोळी बंद करू नका. मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना एकत्र विचारा.

वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्यांत ओठ चघळल्यासारखे हलणं, जीभ आत-बाहेर होणं, बोटं वळवळणं सुरू होऊ शकतं. हा टार्डिव्ह डिस्किनेशिया. जुन्या औषधांवर दरवर्षी शंभरातल्या साधारण पाच जणांत तो नव्याने दिसतो, नव्या औषधांवर कमी, म्हाताऱ्यांत जास्त. एकदा पक्का बसला की कधी कधी औषध थांबवूनही जात नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी डॉक्टरने रुग्णाला जीभ बाहेर काढायला सांगावी, हात पुढे धरायला सांगावेत. या तपासणीला दोन मिनिटं लागतात आणि कोणतंही यंत्र लागत नाही.

क्वचित होणाऱ्या पण जिवावर बेतणाऱ्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. औषध चालू असताना खूप ताप आला, अंग लाकडासारखं कडक झालं, माणूस बरळू लागला, तर गोळी थांबवून त्याच घटकेला रुग्णालय गाठा. दुसरी गोष्ट क्लोझापिनची. इतर औषधांनी गुण न आलेल्या रुग्णांसाठी ते सर्वांत परिणामकारक आहे. 1988 साली जॉन केन यांच्या अभ्यासात अशा 30 टक्के रुग्णांना क्लोझापिनने गुण आला, तर तुलनेच्या जुन्या औषधाने फक्त 4 टक्क्यांना. पण शंभरातल्या एखाद्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याने धोकादायकरीत्या घटतात. 1975 साली फिनलंडमध्ये यामुळे मृत्यू झाले आणि औषध जवळजवळ बाजूला पडलं. ते परत आलं ते रक्ततपासणीच्या अटीवर : पहिले 18 आठवडे दर आठवड्याला, पुढे महिन्याला. घसा दुखून ताप आला, तरी आधी रक्त तपासायचं. बद्धकोष्ठता ही किरकोळ तक्रार वाटते, पण क्लोझापिनवर ती जीवघेणी होऊ शकते. औषध तेच, देखरेखीशिवाय घातक आणि देखरेखीसह जीव वाचवणारं. क्लोझापिनचा हा इतिहास माझ्या आजच्या म्हणण्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे.

इथल्या जगण्याशी जोडलेल्या दोन गोष्टी पुस्तकात तळटीपेत असतात, पण दिंडोरीत त्या मजकुरात हव्यात. या औषधांनी घाम येण्याची आणि शरीर थंड राखण्याची क्रिया मंदावते. एप्रिलच्या उन्हात खरड छाटणीला जाणाऱ्या किंवा चैत्रात पायी सप्तशृंगी गडावर निघणाऱ्या रुग्णाला उष्माघाताचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. त्याला सकाळी लवकर कामाला लावा, पाणी पाजत राहा, दुपारी सावलीत बसवा. दुसरी गोष्ट विडीची. धुरामुळे ओलान्झापिन आणि क्लोझापिन शरीरातून लवकर निघून जातात. नेहमी विडी ओढणाऱ्याने ती अचानक सोडली, तर रक्तातलं औषध वाढतं आणि गुंगी चढते. विडी सोडायचीच, पण डॉक्टरांना सांगून.

एवढं सगळं कोणी लक्षात ठेवायचं? हा प्रश्न मी द्राक्ष उत्पादकांच्या तालुक्यात विचारते आहे. निर्यातीचा माल धरणाऱ्या शेतकऱ्याकडे फवारणीची नोंदवही असते. कोणतं औषध, किती प्रमाणात, कोणत्या तारखेला, काढणीला किती दिवस बाकी, हे सगळं तिच्यात असतं, कारण अवशेष निघाले तर कंटेनर परत येतो. औषध वाईट म्हणून फवारणी सोडून देणारा बागायतदार मी पाहिला नाही, आणि डोळे झाकून दुप्पट मारणाराही टिकत नाही. घरातल्या माणसाच्या गोळीसाठी तेवढीच एक वही ठेवा. गोळीचं नाव आणि डोस, झोप, वजन, पाळी, हाताची थरथर, भास कमी की जास्त. दोन मिनिटांच्या भेटीत डॉक्टरला जे कळत नाही, ते ही वही सांगते.

यानंतरचा प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो : "मॅडम, गोळी कधी बंद होणार?" याचं उत्तर टाळू नये. पहिलाच झटका असेल, तर बरं वाटू लागल्यावर किमान एक ते दोन वर्षं औषध चालू ठेवावं असं सर्वसाधारण मत आहे. झटके वारंवार आले असतील, तर बराच जास्त काळ. मात्र सगळ्यांनी जन्मभर तेवढाच डोस घ्यावा असं विज्ञान म्हणत नाही. नेदरलँड्समधला लेक्स वुंडरिंक यांचा अभ्यास 2013 साली आला. पहिल्या झटक्यानंतर ज्यांचा डोस हळूहळू कमी करून पाहिला गेला, त्यांच्यापैकी 40 टक्के सात वर्षांनी कामधंद्यासह पूर्ववत झाले होते. नेहमीचा डोस चालू ठेवलेल्या गटात हे प्रमाण 18 टक्के होतं. दुसरीकडे जोआना मॉनक्रिफ यांच्या गटाने इंग्लंडमध्ये जुन्या रुग्णांवर असाच प्रयोग केला, तो 2023 साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत सामाजिक जीवनात फरक दिसला नाही, आणि गंभीरपणे आजार उलटण्याचं प्रमाण डोस कमी केलेल्यांत 25 टक्के, तर चालू ठेवलेल्यांत 13 टक्के होतं. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. त्यांतून मी एवढंच घेते : ज्याला जमेल त्याला कमीत कमी पुरेसा डोस, कमी करायचा तर महिनोन्‌महिने, टप्प्याटप्प्याने, घरच्यांचे डोळे उघडे ठेवून. एकदम बंद करणं हा मार्गच नाही.

पहिली गोळी मानवेलच असंही नाही. अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या सरकारी अभ्यासात 18 महिन्यांच्या आत 74 टक्के रुग्णांचं पहिलं औषध थांबलं किंवा बदललं. म्हणजे औषध न मानवणं हा रुग्णाचा हट्ट नसतो. "गोळीने मी दगड झालोय" असं कोणी म्हणाला, तर ते ऐकून घ्या. आवाज थांबले पण माणूस हसेना, गाणं ऐकेना, तर तो उपचार अजून अपुरा आहे.

एक नाजूक गोष्ट. अनेक घरांत गोळी कुटून भाजीत, चहात, भाकरीच्या पिठात घालतात. रुग्ण औषधाला तयार नसतो आणि आईला दुसरा मार्ग दिसत नाही. त्या आईला मी दोष देणार नाही. पण ज्याला जेवणात विष आहे असं वाटतं, त्याला एक दिवस जेवणात खरोखरच काही सापडलं तर? त्याचा संशय जन्माचा पक्का होतो. शिवाय दुष्परिणाम झाला तर तो कशाचा हे त्याला कळत नाही, सांगताही येत नाही. असं करत असाल तर डॉक्टरपासून लपवू नका. महिन्यातून एकदा घ्यायचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन, घरभेट, थोडे दिवस दाखल करणं, असे मार्ग आहेत. रुग्ण शांत झाल्यावर सगळं त्याला सांगून त्याची संमती मिळवणं, हे शेवटी करावंच लागतं.

या गोळ्या जिथे द्यायला नकोत तिथेही दिल्या जातात, हेही सांगितलं पाहिजे. म्हातारे वडील विसरतात, रात्री उठून फिरतात, तेच ते बोलतात. त्यांना गप्प ठेवण्यासाठी ही गोळी सुरू होते. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत या औषधांनी मृत्यूचा धोका दीडपटीहून जास्त वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 साली दिला. फार गरज असेल तर थोडे दिवस, थोडी मात्रा, एवढीच तिथे जागा आहे. नुसती झोप येत नाही म्हणून, मूल हट्टी आहे म्हणून, सून उलटून बोलते म्हणून ही गोळी मागू नका आणि दुकानातून परस्पर आणू नका.

कायदा रुग्णाच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला आणि 29 मे 2018 पासून लागू झाला. कोणालाही साखळीने बांधायला त्याने बंदी केली. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला. बरा असताना माणूस लिहून ठेवू शकतो की पुन्हा आजारी पडलो तर मला कसे उपचार द्यावेत, कसे देऊ नयेत, आणि माझ्या वतीने कोणी बोलावं. अशी लेखी इच्छा फार थोडे नोंदवतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने बांधणं, मारहाण करणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. श्रद्धेशी माझं भांडण नाही. गडावर जरूर जा, देवीसमोर डोकं टेकवा, फक्त गोळ्यांची पट्टी पिशवीत असू द्या आणि वेळ झाली की पाण्याबरोबर द्या.

औषध आणि कायदा यांच्याबरोबर माणसांची सोबतही लागते. मूळचे धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. त्यांनी ते दडवलं नाही. पुण्यात त्यांनी 1997 साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली, जिथे रुग्ण आणि नातेवाईक एकत्र बसून बोलू लागले. 'देवराई' हा 2004 चा मराठी चित्रपट त्यांच्याच पुढाकारातून झाला, आणि पहिल्यांदा हजारो मराठी घरांनी हा आजार पडद्यावर ओळखला. गोळी भास थांबवते. माणसाला पुन्हा कामावर, ओट्यावर, लग्नाच्या पंगतीत बसवायचं काम असे गट करतात.

दिंडोरीसमोरचं काम मला फार अवघड वाटत नाही. राज्यभरातली वैद्यकीय महाविद्यालयं ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत, ते नाशिकहून इकडे येताना म्हसरूळला, याच रस्त्यावर आहे. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. ग्रामीण रुग्णालय तुमच्या गावात आहे. 'टेलिमानस'चा 14416 हा मोफत क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. नाणशी, कोचरगावच्या पट्ट्यातल्या आदिवासी पाड्यांपासून नाशिक लांब पडतं, एका दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं जातं. म्हणून औषध रुग्णाच्या जवळ आलं पाहिजे आणि त्यावरची देखरेखही.

त्यासाठी माझ्या चार विनंत्या आहेत. ग्रामीण रुग्णालयाने महिन्यातला एक दिवस मनोविकारांसाठी ठरवून तो दारावर लिहावा, आणि त्या दिवशी प्रत्येक रुग्णाचं वजन, कंबर, साखर पाहावी. आशाताईंना मान वाकडी होणं, येरझाऱ्या, कडक अंगाचा ताप, घसादुखी ही चार लक्षणं शिकवावीत. औषध दुकानदारांनी चिठ्ठीशिवाय ही गोळी देऊ नये, आणि दर महिन्याला नेणारं घर नेईनासं झालं तर एक फोन करावा. आणि तुम्ही, घरच्यांनी, उद्या एक वही आणावी, पहिल्या पानावर गोळीचं नाव आणि तारीख लिहावी, आणि पुढच्या भेटीत ती डॉक्टरच्या टेबलावर उघडून ठेवावी. डॉक्टर ती वाचणार नसेल, तर वाचणारा डॉक्टर शोधा. तो तुमचा हक्क आहे.